रिंग टाकायची की बोअर करायचा?

दूधवाला असो, गवंडी असो, कुरियरचा मुलगा असो की शाळेत दोन लेकरांना सोडून पुढे कामावर जाणारी बाई असो, आज कष्टकरी घराचा दिवस पुष्कळदा एका मोटारसायकलीवर उभा असतो. ती गाडी निळसर धूर सोडू लागली, किक मऊ लागू लागली, चढावर डबलसीट ओढेनाशी झाली की घरात चिंता सुरू होते. गॅरेजवाला म्हणतो, "काका, रिंगा गेल्या. संध्याकाळपर्यंत टाकून देतो." काम स्वस्तात होणार म्हणून आपणही मान हलवतो. दोन महिन्यांनी धूर पुन्हा हजर! मग ब्लॉक, पिस्टन, बोअर असा सगळा खर्च नव्याने आणि आधीचे पैसे पाण्यात. हे टाळायचे तर रिंगेचे काम नेमके कसे होते, हे गाडीच्या मालकालाही ठाऊक हवे.

उदाहरणादाखल आपल्याकडची घराघरांतली गाडी घेऊ. हीरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली आली. पुढे होंडा आणि हीरो वेगळे झाले, नाव हीरो मोटोकॉर्प झाले, पण ९७.२ सीसीचे ते छोटे इंजिन पुढेही अनेक वर्षे त्याच घडणीचे राहिले. त्याचा बोअर ५० मि.मी. आणि पिस्टनची धाव ४९.५ मि.मी. पिस्टनला तीन खाचा असतात. वरच्या दोन खाचांत जळत्या वायूला अडवणाऱ्या कॉम्प्रेशन रिंगा बसतात, तर खालच्या खाचेत ऑइल रिंग असते. ती तीन तुकड्यांची, म्हणजे दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये नागमोडी स्प्रिंग. भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवणे हे तिचे काम. कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटून राहणारी धातूची रिंग ही कल्पना मात्र फार जुनी. जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज रेल्वे अभियंत्याने १८५० च्या दशकात ती वाफेच्या इंजिनासाठी काढली. वाफ गेली, पण रिंग राहिली!

आधी रोग ओळखावा. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, तिथे रिंगेला हात लावायचे कारण नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच निळा धूर येऊन लगेच थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. गाडी ओढत असताना सतत निळा धूर आणि ऑइलची पातळी उतरत असेल, तर मात्र रिंगा किंवा बोअर. एक सोपी परीक्षा आहे. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडावे आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे. दाब चांगलाच वाढला तर गळती रिंगांकडून आहे, कारण ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह तपासावेत. ही परीक्षा न करता हेड खोलायला बसणारा मिस्त्री घाईतला समजावा.

आता खरा प्रश्न. नुसत्या रिंगा टाकून भागेल का? बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग थांबून परत फिरते, तिथे उष्णता आणि दाब जास्त, ऑइल कमी. म्हणून झीजही तिथेच अधिक. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटला जात असल्याने गोल बोअर हळूहळू अंडाकार होतो. अशा वाकड्या भिंतीला नवी कोरी गोल रिंग चिकटणार कशी? लेथवाल्याकडे डायल गेज असते, त्याने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप घ्यायला सांगावे.

गेज नसेल तर रिंगेनेच माप काढता येते. नवी वरची रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलावी, म्हणजे ती तिरपी राहत नाही. टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी, एकदा झिजलेल्या भागात आणि एकदा अगदी तळाशी, जिथे झीज जवळपास नसते. दोन मापांतल्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यास किती वाढला ते कळते. समजा वर ०.४५ आणि खाली ०.२० मि.मी. आले. फरक ०.२५, म्हणजे व्यासात सुमारे ०.०८ मि.मी. एवढ्या झिजेवर नुसत्या रिंगा टाकणे म्हणजे फाटक्या छत्रीला नवी मूठ बसवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. रिंगेखाली बॅटरीचा उजेड धरून वरूनही पाहावे. रिंग आणि भिंत यांच्यामधून उजेड झिरपला की बोअर अंडाकार झाला.

बोअर करायचे ठरले तर पिस्टन आधी विकत घ्यावा आणि ब्लॉकसोबत लेथवाल्याच्या हाती द्यावा. ०.२५, ०.५० अशा ओव्हरसाइज मापांत पिस्टन मिळतात. त्या पिस्टनला धरूनच बोअर करायचा असतो, आणि रिंगाही त्याच मापाच्या हव्यात. बोअर ठीक निघाला तरी भिंत काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर होनिंग करून एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडाव्यात, म्हणजे त्यांत ऑइल टिकते आणि रिंग बसते. त्यानंतरची धुलाई फार महत्त्वाची. रॉकेल किंवा पेट्रोल फिरवून दगडाची भुकटी निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन घासावे. पांढरे फडके फिरवून पांढरेच निघेपर्यंत घासावे, आणि कोरडे होताच ऑइलचा हात द्यावा. हे काम घरच्या मोरीतही होते, त्याला उस्ताद लागत नाही.

टोकांची फट किती हवी याचा सर्वसाधारण हिशेब असा, की बोअरच्या दर इंचाला इंचाचा चार हजारावा भाग नव्हे, तर चार हजारांश, म्हणजे ०.००४ इंच. पन्नास मि.मी.ला ती ०.२० मि.मी.च्या आसपास येते. शेवटचा शब्द मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलचा. फट फार कमी असेल तर तापल्यावर रिंग लांबते, टोके एकमेकांवर आदळतात, भिंत ओरबाडली जाते आणि इंजिन जाम होऊ शकते. धावत्या गाडीचे इंजिन जाम झाले की मागचे चाक जागीच अडकते, आणि मागे बायको-लेकरू बसलेले असते. म्हणून फट मोजल्याशिवाय रिंग पिस्टनवर चढवू देऊ नये. कमी असेल तर बारीक कानशीने बाहेरून आत अशा एकाच दिशेने घासावी, नाहीतर कडेचा क्रोम उडतो.

पिस्टन जुनाच वापरायचा असेल तर खाचांतला कार्बन जुन्या मोडक्या रिंगेच्या तुकड्याने हलकेच काढावा. मग आधी ऑइल रिंग, तिच्यावर दुसरी, शेवटी पहिली. स्प्रिंगची टोके एकमेकांवर चढू देऊ नयेत. रिंगेच्या एका बाजूला बारीक अक्षर कोरलेले असते, ती बाजू वर. वरची रिंग बहुधा चकचकीत आणि दुसरी काळसर असते. अदलाबदल झाली तर धूर जात नाही. तिन्हींची तोंडे एका रेषेत न ठेवता गोलाच्या तीन भागांत वाटून द्यावीत. (आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचा कायदा वेगळा. तिथे खाचेत बारीक खिळा असतो आणि रिंगेचे तोंड त्या खिळ्यावरच यावे लागते.)

पिस्टनच्या माथ्यावर इंग्रजी 'आय-एन' अक्षरे असतील तर ती कार्ब्युरेटरकडच्या बाजूला. चेंबरच्या तोंडात फडके कोंबूनच गजन पिनची लॉक बसवावीत. एक लॉक आत पडले की सगळे इंजिन खोलण्याची पाळी येते. लॉक आणि पॅकिंग नवीनच घ्यावे. पिस्टन, रिंगा, भिंत यांना ऑइल लावून बोटांनी एकेक रिंग दाबत ब्लॉक खाली सरकवावा. अडला तर ठोकू नये, रिंग तुटते.

गाडी चालू झाल्यावर स्टँडवर तासभर गुरगुरत ठेवण्याची जुनी सवय सोडावी. रिंगेच्या मागे वायूचा दाब गेला तरच ती भिंतीवर घट्ट रेटली जाते आणि घासून बसते. नुसत्या आयडलिंगवर तो दाब मिळत नाही. थोडी गरम होताच रस्त्यावर काढावी, अॅक्सिलरेटर कमी-जास्त करत चालवावी, पण पहिले पाचशे किलोमीटर पूर्ण पिळू नये, जड ओझे आणि लांबचा घाट टाळावा. त्यानंतर ऑइल गरम असतानाच बदलावे. नवे ऑइल मोटारसायकलचेच, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेले घ्यावे, कारण क्लचही त्याच ऑइलात बुडालेला असतो. काढलेले ऑइल ताटलीत ओतून उन्हात पाहा. चांदीसारखी बारीक चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची खूण. बोटाला टोचणारे कण लागले तर गाडी तशीच घेऊन पुन्हा गॅरेजला जावे.