रडीच्या डावात हरतं कोण?

लेखमाला : पडद्यावरचे खेळ – भाग 6

हजारो अनोळखी लोकांमधून आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर कसा निवडतं, ते मागच्या भागात पाहिलं. ती सारी व्यवस्था एका विश्वासावर उभी आहे: समोरचा स्वतःच्या बुद्धीने खेळतो आहे. हा विश्वास मोडला की काय होतं, ते ऑनलाइन बुद्धिबळात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

1997 साली गॅरी कास्पारोव्ह यांना हरवायला आयबीएमला ‘डीप ब्लू’ हा खास महासंगणक बांधावा लागला होता. आज ‘स्टॉकफिश’ हे इंजिन फुकट मिळतं आणि साध्या मोबाइलवरही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतं. एका पडद्यावर डाव आणि दुसऱ्यावर इंजिन, एवढ्यावर फसवणूक होते.

जून 2021 मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांनी काही नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले. उद्योजक निखिल कामत यांच्याविरुद्ध आनंद यांनी डाव सोडला आणि पाहणारे चकित झाले. संगणकाची आणि विश्लेषण करणाऱ्यांची मदत घेतल्याचं कामत यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे मान्य केलं आणि माफी मागितली. पाच वेळच्या जगज्जेत्याकडून हरण्यात कुणालाच कमीपणा नाही. तरीही जिंकण्याचा मोह इतका प्रबळ ठरतो, हे या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे.

अशी चोरी पकडतात कशी? खेळाडूच्या चाली इंजिनच्या पसंतीशी किती जुळतात, हे आधी तपासतात. पण सोप्या स्थितीत नवशिक्यालाही उत्तम चाल सापडते, त्यामुळे नुसतं जुळणं पुरेसं नसतं. म्हणून अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे केनेथ रीगन यांच्यासारखे अभ्यासक त्या दर्जाच्या खेळाडूकडून किती चाली जुळणं अपेक्षित आहे, ते आधी मांडतात आणि प्रत्यक्ष खेळ त्याच्या किती पलीकडे गेला ते मोजतात. वेळही बोलका असतो. माणूस उघड मारामारीची चाल क्षणात करतो आणि गुंतागुंतीच्या जागी अडतो. दोन्हीकडे सारखेच आठ-दहा सेकंद लागत असतील तर संशय बळावतो.

आता मूळ प्रश्न. खेळाडूला खेळातून नेमकं काय मिळतं? तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात मांडलं की खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे स्वखुशीने ओलांडायचा प्रयत्न. राजाला कोंडीत पकडण्याचं महत्त्व त्याच्या वाटेवरच्या अडचणींमुळे आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी तीन गरजा सांगतात: आपले निर्णय आपण घेणं, आपलं कौशल्य वाढताना अनुभवणं आणि इतरांशी नातं जुळणं. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये व्हिडिओ गेमच्या खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा खेळातल्या आनंदाचा याच गरजांशी संबंध दिसला. इंजिन पाहून खेळणाऱ्याची चाल त्याची नसते, त्याचं कौशल्य जिथल्या तिथे राहतं आणि प्रतिस्पर्ध्याशी त्याचं नातं लपवाछपवीचं होतं. तिन्ही बाबतींत तो रिकामाच राहतो.

त्याच्या हाती उरतो तो रेटिंगचा आकडा, आणि तोच त्याला बांधून घालतो. तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळत राहिला तर माणूस साधारण निम्मे डाव हरतो. हरणं हे व्यवस्था नीट चालल्याचं लक्षण आहे. उसन्या बुद्धीने रेटिंग चढलं की आणखी बलाढ्य खेळाडू समोर येतात. रेटिंगमध्ये 400 गुणांचा फरक असेल तर दुबळ्या खेळाडूने दहा डावांत जेमतेम एका डावाइतके गुण मिळवणं अपेक्षित असतं. मग इंजिन बंद करायची सोय राहत नाही.

प्रामाणिक खेळाडूचं नुकसान मला याहून मोठं वाटतं. फसवणारा पकडला गेला की ‘चेस डॉट कॉम’ त्याच्याकडून हरलेल्यांना गमावलेले रेटिंगचे गुण परत देतं. पण हरलेला डाव पुन्हा मांडून एखादी मुलगी आपली चूक शोधत बसते. चूक नसेल तिथेही तिला ती दिसू लागते आणि चांगली सुरुवात ती सोडून देते. उलट एखाद्या मुलाला आयुष्यातली सर्वोत्तम चाल सुचते आणि समोरून शाबासकीऐवजी ‘चीटर’ असा शेरा येतो.

सवलत घेऊन खेळण्यात मात्र काहीच वावगं नाही. अंगणातल्या खेळात कच्च्या लिंबाला सगळ्यांच्या संमतीने सूट मिळते, कारण ती उघड असते. नवशिक्याशी वजीर काढून खेळणंही तसंच. फसवणुकीत संमतीच नसते.

खेळाच्या साइट नियम करतील, खाती बंद करतील, बक्षिसांच्या स्पर्धांत कॅमेरे लावायला सांगतील. ते आवश्यकच आहे. पण मोहाची सुरुवात पुष्कळदा घरातल्या प्रश्नांतून होते. पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: मूल डाव संपवून उठलं की ‘रेटिंग किती झालं?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. आज कोणती चाल तुला स्वतःला सुचली, ती दाखव म्हणा. आणि डाव हरलेला असला तरी ती पूर्ण समजून घ्या.