जीभ, जबान आणि जबानी : जबलपूरशी जोडलेला एक शब्दकोश

परभाषेतील शब्द नीट उच्चारता आला नाही, की मराठी माणूस 'जीभ वळत नाही' असे म्हणतो. उत्तम वक्त्याच्या 'जिभेवर सरस्वती नाचते', तर वाटेल ते बोलणाऱ्याच्या 'जिभेला हाड नसते'. मराठीत जीभ हे बोलण्याचे साधन आहे. भाषेला मात्र वेगळा शब्द आहे. 'भाषा' हा शब्द बोलणे या अर्थाच्या 'भाष्' या संस्कृत धातूपासून आला.

अरबीतील 'लिसान', लॅटिनमधील 'लिंग्वा' आणि फारसीतील 'जबान' या शब्दांचे अर्थ जीभ आणि भाषा असे दोन्ही होतात. भाषाशास्त्रानुसार 'जबान' आणि संस्कृत 'जिह्वा' यांचे मूळ एकच आहे. त्यामुळे मराठीतील 'जीभ' ही 'जबान'ची दूरची बहीण ठरते.

जबलपूरच्या हिंदीत 'जबान देना' म्हणजे वचन देणे. मराठीत 'जबानी देणे' म्हणजे चौकशीत आपले निवेदन नोंदवणे. शब्द एकाच कुळातले असूनही अर्थ इतके दूर गेले आहेत.

जबान म्हणजे भाषा आणि जबानी म्हणजे साक्ष, हे दोन्ही अर्थ जबलपूरच्या इतिहासात एकत्र आलेले दिसतात. 1830च्या दशकात हे शहर ठगीविरोधी मोहिमेचे केंद्र होते. मोहिमेचे प्रमुख विल्यम स्लीमन यांनी माफीचे साक्षीदार झालेल्या कैद्यांकडून ठगांची 'रामासी' ही सांकेतिक बोली जाणून घेतली. तिचा 'रामासीआना' हा शब्दकोश 1836 मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. त्यानुसार वाटसरूचा गळा आवळण्याच्या इशाऱ्याला 'झिरनी' म्हणत. तंबाखूविषयीचे एखादे साधे वाक्यही असा इशारा ठरे. ते वाक्य कानी पडूनही वाटसरूला त्याचा अर्थ कळत नसे.

हे शब्द सांगणारे मात्र कैदेत होते आणि साक्ष देण्यावर त्यांचे प्राण अवलंबून होते. म्हणूनच या जबान्यांवर कितपत विश्वास ठेवावा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

'ठग' हा शब्द पुढे इंग्रजीत गेला. तेथे आज तो कोणत्याही गुंडासाठी वापरला जातो. मराठीत मात्र ठग म्हणजे अजूनही फसवणूक करणारा.