"माझ्या मनात तसं काही नव्हतं!" एवढं पुरतं का?

हेडफोन लावलेत ना? आजचा प्रश्न छोटा आहे. "माझ्या मनात तसं काही नव्हतं" असं म्हटलं की आरोपी सुटतो का?

समजा, टपरीवर चहा पिताना टेबलावर दोन सारखे फोन आहेत. तुम्ही आपला समजून दुसऱ्याचा उचललात. ही चोरी झाली का? नाही. फोन गेला, मालकाला विचारलं नव्हतं, पण लबाडीचा इरादा नव्हता. मात्र घरी गेल्यावर चूक कळली आणि तरीही तुम्ही त्यातलं सिम काढून फोन ठेवून घेतलात, तर? आता गुन्हा झाला. कायदा याला चोरी म्हणत नाही, अपहार म्हणतो. म्हणून चूक कळताच परत करायचा.

थोडक्यात, बहुतेक गुन्ह्यांना दोन गोष्टी लागतात: कृती आणि तिच्यामागचं दोषी मन. नुसत्या वाईट विचाराला शिक्षा नाही. या दोन्ही गोष्टी वाजवी शंका उरणार नाही अशा रीतीने सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची.

पण मनातलं कोर्टाला कळतं कसं? वागण्यावरून. मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला आठवा. पत्नीनं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर नौदल अधिकारी कावस नानावटी जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाला आधी ऑफिसात शोधलं, मग त्याच्या फ्लॅटवर गेले. गोळ्या सुटल्या, आहुजा मेला.

बचाव काय होता? झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या. आणि ते पटलं नाही तर, निदान अचानक संताप झाला हे तरी धरा. ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. हायकोर्टानं ते फिरवून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. कारण कबुली आणि गोळीबार यांत जवळपास तीन तास गेले होते. डोकं शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, आणि मधली प्रत्येक हालचाल ठरवून केल्यासारखी होती. मनात काय होतं, ते त्या तीन तासांनी सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही गुन्ह्यांत इरादा लागतच नाही. रील बघत बाईक चालवली आणि कुणी दगावलं, तर "मला मारायचं नव्हतं" हे खरंच असेल. तरीही निष्काळजीपणा हाच दोष ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

म्हणजे उत्तर असं: "मनात नव्हतं" हे कधी वाचवतं, कधी कोर्टाला पटत नाही, आणि कधी कोर्ट ते विचारतच नाही. हा भाग गाडी चालवताना ऐकत असाल, तर स्क्रीनकडे बघू नका. भेटू पुढच्या भागात!