लाइफराफ्ट पाणी लागून फुगत नाही

जहाजाच्या कठड्याजवळ, लोखंडी बैठकीवर पट्ट्याने आवळलेला फायबरग्लासचा पिंपासारखा पांढरा डबा असतो. त्यात घडी घातलेला लाइफराफ्ट, म्हणजे वायूने फुगणारा तराफा ठेवलेला असतो. जहाज बुडाले की तो आपोआप सुटतो, हे खरे. पण ‘पाणी लागले की तो फुगतो’ हे जे पुन्हा पुन्हा ऐकू येते, ते साफ चूक. पाण्याने विरघळणारी गोळी असते ती काही लाइफजॅकेटांत. तीच डेकवरच्या डब्यात बसवली, तर मुंबईच्या पहिल्याच पावसात सगळे तराफे डेकवर फुगून बसतील!

सुटणे वेगळे, फुगणे वेगळे. पट्टा आणि बैठक यांच्यामध्ये प्लास्टिकचे छोटे हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट, म्हणजे एचआरयू असते. त्याला ओल कळत नाही, दाब कळतो. जहाज खाली जाऊ लागले की पाणी आतला पडदा दाबते, स्प्रिंग सुटते आणि सुरी जाड दोरीचा फास कापते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या एलएसए, म्हणजे जीवरक्षक साधनांच्या संहितेनुसार हे 4 मीटर खोलीच्या आत व्हायलाच हवे. डबा मोकळा होऊन वर येतो आणि एचआरयूचे काम संपते. तराफा अजून घडीतच असतो.

त्याला फुगवते पेंटर नावाची दोरी. तिचे एक टोक तराफ्याच्या वायू सिलिंडरच्या झडपेला, दुसरे जहाजाला. डबा तरंगतो, जहाज खाली जात राहते, दोरी डब्यातून सरसर बाहेर येते आणि तिला शेवटचा हिसका बसला की झडप उघडते. मुख्यतः कार्बन डायऑक्साइड भरून तराफा मिनिटभरात फुगतो. मात्र या क्षणी तो बुडत्या जहाजाला जखडलेला असतो. त्यातून सुटण्यासाठीच पेंटर आणि जहाज यांच्यामध्ये ‘वीक लिंक’ हा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा असतो. तो 2.2 किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटतो. वीस माणसांच्या तराफ्याची पेंटर किमान 10 किलोन्यूटन सोसते. ‘जास्त मजबूत’ म्हणून ती थेट डेकच्या कडीला बांधली, तर तराफा फुगतो आणि जहाजाबरोबर तळाला जातो. इतकी साधी गोष्ट, तरी जहाजांच्या तपासणीत ही चूक अजून सापडते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. डेकवर माणसे असतील तर एचआरयूची वाट पाहायची नसते. पेंटर बांधलेली असल्याची खात्री करून पट्ट्याचा स्लिप हुक सोडायचा, डबा समुद्रात लोटायचा आणि दोरी ओढायची. एचआरयू कायमचे नसते. एकदाच वापरायचे युनिट दर 2 वर्षांनी बदलावे लागते. प्रत्येक तराफा आपोआप सुटतो असेही नाही. लांब मालवाहू जहाजांच्या पुढच्या टोकाच्या जादा तराफ्याला सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या नियमांत यातून सूट आहे. तराफा सुलटाच फुगेल याचीही हमी नाही. 28 सप्टेंबर 1994 रोजी बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ ही प्रवासी फेरी बुडाली, तेव्हा कित्येक तराफे उलटे झाले होते. पुढे रो-रो, म्हणजे वाहने थेट आत चढवणाऱ्या प्रवासी जहाजांवर आपोआप सुलटे होणारे किंवा दोन्ही बाजूंनी वापरता येणारे छतवाले तराफे सक्तीचे झाले.

उथळ पाण्यात तर डबा सुटूनही न फुगता तरंगत राहू शकतो, कारण जहाज तळाला टेकते आणि पेंटर पुरती ताणलीच जात नाही. अशा वेळी उरलेली दोरी कोणीतरी हाताने ओढावी लागते.