भिंतीपुढे घोंगावणारा पेंटर

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात ड्रोनचं आता फारसं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. केळीची बाग डोक्याच्या वर गेली की पाठीवर पंप बांधून सिगाटोका या करपा रोगावर फवारणी करणं जिवावर येतं. पानं वर, माणूस खाली, आणि औषध निम्मं अंगावर. अशा बागेवर ड्रोन वरून फिरतो. दहा लिटरची टाकी, खाली नोझल आणि एका एकराला साधारण सात ते दहा मिनिटं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आणली. देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचं तिचं उद्दिष्ट होतं आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, अनुदान होतं. तेव्हापासून बांधावरच्या गप्पांतही ड्रोन आला.

याच यंत्राच्या टाकीत औषधाऐवजी रंग भरला आणि त्याला शेताऐवजी भिंत दाखवली तर? हा प्रयोग जगात काही ठिकाणी झालेला आहे. जून २०१९ मध्ये इटलीतल्या ट्यूरिन शहरात वास्तुरचनाकार कार्लो रात्ती यांच्या कार्यालयाने चार ड्रोनकडून एक भित्तिचित्र रंगवून घेतलं. नागरिकांकडून रेखाटनं मागवली, हजारावर आली, त्यांतली शंभर निवडून संगणकाने त्यांची एकसंध रचना केली आणि रंगाच्या टाक्या घेतलेले ड्रोन भिंतीपुढे उडाले. चित्र होतं १४ मीटर उंच आणि १२ मीटर रुंद. म्हणजे सुमारे १,८०० चौरस फूट. त्याला लागले बारा तास.

एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. ते दहा मिनिटांत ओलं करणारं यंत्र आणि १,८०० फुटांना बारा तास घेणारं यंत्र मुळात एकाच जातीचं. फरक कामाचा आहे. फवारणीत थेंब हातभर इकडेतिकडे पडला तरी करपा काही तक्रार करत नाही. चित्रात मात्र हातभर सोडा, चार बोटं चुकली तरी भुवई डोळ्यात उतरते.

पहिली अडचण ड्रोनला स्वतःचा पत्ता ठाऊक असण्याची. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. जमिनीवर दुसरं स्थानक ठेवून ती दुरुस्त करत राहणारी आरटीके पद्धत वापरली तर ती दोन-तीन सेंटिमीटरवर येते. शेतात वर सगळं आकाश मोकळं असतं, म्हणून ते जमतं. उंच इमारतीला खेटून उभ्या ड्रोनला अर्धं आकाश दिसत नाही, आणि उरलेल्या उपग्रहांचे संकेत काचेवर, पत्र्यावर आपटून उशिरा पोचतात. त्यामुळे भिंतीवर काम करणाऱ्या ड्रोनचा भरवसा उपग्रहावर कमी आणि जवळच्या कॅमेऱ्यांवर, लेझरच्या मोजमापावर जास्त.

दुसरी अडचण त्याच्या स्वतःच्याच वाऱ्याची. पंखे हवा खाली ढकलतात. भिंत जवळ आली की त्या हवेचा प्रवाह बिघडतो आणि ड्रोन हेलकावे खाऊ लागतो. लांब राहावं तर फवारा पसरून रेघ फिसकटते, जवळ जावं तर पंखा भिंतीला लागायची भीती. रंगाचा थेंब या सगळ्या गडबडीतून वाट काढत जातो. त्यात खानदेशचा एप्रिल-मे धरा. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला, हवा कोरडी ठाक. बारीक थेंब भिंतीला पोचेपर्यंतच वाळू लागतो आणि चिकटण्याऐवजी भुकटीसारखा बसतो. तळहात फिरवला की हाताला येतो. गाड्यांना स्प्रे मारणाऱ्या गॅरेजवाल्यांना हा प्रकार नवा नाही. ते सकाळी काम उरकतात किंवा थिनर बदलतात.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती तर साध्या गणिताची आहे. शंभर फूट उंच आणि शंभर फूट रुंद भिंत घ्या: दहा हजार चौरस फूट. एका लिटरमध्ये एका हाताला शंभर फूट धरले तरी शंभर लिटर रंग लागला. रंग पाण्याहून जड. दहा लिटरची टाकी असेल तर किमान दहा खेपा, प्रत्येक खेपेला बॅटरी बदलायची, आणि ही झाली फक्त एका रंगाची गोष्ट. म्हणून २०१८ मध्ये डिस्नेच्या संशोधकांनी ‘पेंटकॉप्टर’ नावाचा ड्रोन बनवला तेव्हा रंग आणि वीज दोन्ही जमिनीवरून दिली. वरच्या ड्रोनला खालून नळी आणि केबल. स्वतंत्र उड्डाणाची सगळी ऐट गेली, पण काम होऊ लागलं. वाकड्यातिकड्या पृष्ठभागाचा त्रिमिती नकाशा आधी करून घ्यायचा आणि मग त्यावर फवारा मारायचा, अशी ती रीत होती.

ड्रोनच्या रंगकामाच्या सुरुवातीला मात्र संशोधक नव्हते, एक उपद्व्यापी होता. एप्रिल २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘कात्सू’ या नावाने वावरणाऱ्या ग्राफिटी कलाकाराने बाजारात मिळणाऱ्या ड्रोनला स्प्रेचा डबा बांधला आणि मॅनहॅटनमधल्या एका अवाढव्य जाहिरातफलकावर मॉडेलच्या चेहऱ्यावरून लाल रेघोट्या मारल्या. चित्र म्हणून त्यात काही नव्हतं; रेघोट्या थरथरलेल्या होत्या. पण जिथे शिडी पोचत नाही तिथे डबा पोचला, एवढं जगाने पाहिलं.

त्याच्या अगदी उलट टोक कॅनडात. मॅकगिल विद्यापीठात पॉल क्राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळहातावर मावतील असे ड्रोन घेतले आणि त्यांना शाईत भिजवलेला स्पंजाचा इवलासा तुकडा लावला. ड्रोन कागदाजवळ यायचा, एक ठिपका टेकवायचा, मागे सरायचा. खोलीतले कॅमेरे त्याची जागा सतत मोजायचे. शेकडो, कधी हजारो ठिपके झाले की त्यातून ॲलन ट्युरिंगचा किंवा चे गव्हेराचा चेहरा उमटायचा. यातली खुबी अशी की ठिपका जरा सरकून पडला तर संगणक पुढच्या ठिपक्याची जागा त्या हिशेबाने बदलतो. चूक पुसायची नाही, चित्रात सामावून घ्यायची. ट्यूरिनच्या भव्यतेपेक्षा हा विचार अधिक दूरवर जाईल असं वाटतं.

चित्र मोठं करण्याची युक्ती मात्र ड्रोनवाल्यांनी शोधलेली नाही. फ्लेक्स येण्याआधी जळगाव-धुळ्यातही भिंतीवरच्या जाहिराती, निवडणुकीची चिन्हं, नाट्यगृहाचे फलक पेंटरच रंगवत. छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, भिंतीवर निळीत बुडवलेली दोरी ताणून झटका द्यायचा, तेवढेच चौकोन पाडायचे आणि एकेक घर भरत जायचं. संगणक आज हेच करतो, फक्त घरं फार बारीक. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएल इमारतीवर चित्रकार रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं भलंमोठं चित्र रंगवलं, तेही माणसांनीच, भिंतीला लटकून. जळगावात जैन हिल्सवर, पाईप बनवणाऱ्या जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांची अवाढव्य मोझेक प्रतिमा पाईप मांडून साकारली गेली. इथे कारखान्यातला मालच रंग झाला. अशी प्रतिमा जमिनीवर उभं राहून कळत नाही; ती पाहायलाच ड्रोन लागतो. चित्र काढण्याच्या कामात ड्रोन येण्याआधी तो चित्र दाखवण्याच्या कामात आला, हे यानिमित्ताने नोंदवायला हवं.

आणि भिंत? ड्रोनच्या चित्रफितींत ती नेहमी गुळगुळीत, पांढरीशुभ्र असते. जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांनी रंगाला हात लावण्याआधी ओबडधोबड खडकावर माती, भुसा आणि काड्यांचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रेषा ओढली. निम्मं काम रंगाआधीचं. भिंत घासणं, तडे बुजवणं, पुट्टी भरणं, ओल कुठून येते ते शोधणं यातलं काहीही ड्रोन करत नाही. त्यासाठी परांची बांधावीच लागली, तर मग वर चढलेल्या माणसाने रंगही का देऊ नये, हा प्रश्न कंत्राटदार विचारणारच.

खानदेशात ड्रोनला साजेसे पृष्ठभाग वेगळे आहेत. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या, गावोगावचे जलकुंभ, साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. तिथे माणूस चढवणं खर्चिक आणि जोखमीचं, आणि तिथे चित्र नकोच असतं. धूळ धुऊन काढणं आणि गंज रोखणारा हात देणं हवं असतं. लाटव्हियातल्या एरोन्स कंपनीने पवनचक्कीची पाती धुण्यासाठी सुरुवातीला ड्रोन वापरले. पुढे तिने दोरांवर टांगलेले यंत्रमानव पत्करले. पवनचक्की उभारतात ती वारा असतो तिथेच, आणि ड्रोनला नेमका तोच सोसत नाही. एस्टोनियाच्या ‘स्प्रेप्रिंटर’नेही मोठ्या भिंतींसाठी दोरांवर सरकणारं यंत्र काढलं. दोराने ऐट जाते, पण नोझल स्थिर राहतं आणि रंग खालून देता येतो.

कायद्याची बाजू २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरीच सोपी केली. ड्रोनसाठीच्या हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत २०० फुटांपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. जळगावला विमानतळ शहराच्या जवळच आहे. त्यामुळे शहरातली भिंत रंगवायला घेणाऱ्याने रंगाचा डबा उघडण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा तो नकाशा उघडावा. फवारणीचा ड्रोन भरल्या टाकीसह बहुधा २५ किलोच्या आतल्या ‘स्मॉल’ वर्गात बसतो. जड रंग वजन सांभाळून भरला तर वर्ग तोच, आणि चालवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही तेच लागतं. म्हणजे केळीच्या बागेवर ड्रोन फिरवणारी यावलची एखादी दीदी कागदोपत्री उद्या जलकुंभाला प्रायमर मारायला पात्र आहे. नोझल, पंप आणि रंगाची नळी तेवढी बदलावी लागेल, आणि काम पहाटे, वारा उठायच्या आत उरकावं लागेल.