पिवळ्या दिव्याची फिर्याद

ऐन वर्दळीच्या चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या इंजिनाला एकाएकी कंप सुटला आणि पाठोपाठ समोरच्या तक्त्यावर इंजिनाच्या आकृतीचा तो पिवळा दिवा लागला. पहिल्या गॅरेजात दोषाचा कोड तेवढा पुसून मिळाला. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर झाला, तेव्हा मी आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो आणि सबंध दुपार त्यांच्या शेजारी बसून काढली.

दिवा लुकलुकतो की स्थिर राहतो, हे त्यांनी आधी विचारले. कारण लुकलुकता दिवा बहुधा इंजिन मिसफायर होत असल्याचा असतो, आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची हानी होण्याआधी गाडी थांबवणेच इष्ट. माझा दिवा स्थिर होता. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात स्कॅनर जोडताच अक्षरे उमटली : पी००११. इनटेक कॅमशाफ्ट हुकमापेक्षा पुढे गेला आहे, अशी ती फिर्याद. दोष उद्भवला त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान, फेरे आणि भार यांचा पंचनामाही संगणकाने करून ठेवला होता.

"अ‍ॅक्च्युएटरच बदलायचा का?" मी विचारले.

"साहेब, आधी ऑइल बघू."

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एक फेरी घेणारा कॅमशाफ्ट झडपांची उघडमीट करतो, आणि त्याच्या टोकाच्या चक्रात, म्हणजेच अ‍ॅक्च्युएटरात, दडलेली पाती ऑइलच्या दाबाने सरकून त्याला गरजेनुसार काही अंश पुढेमागे फिरवतात. कोणत्या बाजूस किती ऑइल सोडायचे ते एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व ठरवतो. हुकूम विजेचा, अंमलबजावणी ऑइलची, अशी ही व्यवस्था असल्याने ऑइल बिघडले की सुटे भाग निर्दोष असूनही हुकूम वाया जातो.

डिपस्टिकवरचे ऑइल पातळीत होते, पण डांबरासारखे काळे आणि चिकट. बदलण्याची मुदत मी उलटू दिली होती, याची मला मनापासून खंत वाटली. मल्टिमीटरने सोलेनॉइडचा रोध ७.४ ओहम दाखवला, म्हणजे कॉइल शाबूत होती. मग व्हॉल्व बाहेर काढून मेस्त्रींनी त्याला क्षणभर बॅटरीचा प्रवाह दिला : टक् असा आवाज झाला, आतली दांडी सरकली, परंतु प्रवाह तोडल्यावर अर्ध्यावरच अडकून राहिली. व्हॉल्वखालच्या बारीक जाळीतही गाळ साचला होता. हे सारे त्यांनी ज्या निगुतीने धुतले, ती निगुत मी घड्याळजीखेरीज क्वचितच कोणाच्या हातात पाहिली आहे.

नवे ५डब्ल्यू-३० ऑइल आणि नवा फिल्टर घातल्यावर इंजिन गरम होऊ दिले. मघाशी रिकाम्या फेऱ्यांवर हुकूम शून्याचा असता कॅमशाफ्ट १९ अंशांवर अडून बसला होता, इनटेक आणि एक्झॉस्ट झडपा नको तितका वेळ एकत्र उघड्या राहून जळका वायू नव्या मिश्रणात मिसळत होता, आणि सिग्नलवरचा तो कंप त्यातूनच उपजला होता. आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी शून्यावर स्थिरावले. मेस्त्रींनी तेव्हा कुठे कोड पुसला आणि गाडीची चावी माझ्या हातात न देता स्वतःच चौकापर्यंत एक फेरी मारायला निघाले.