सायकल अंगाच्या मापाची

मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा शिवावा. डोंगरात चालवायची सायकल मात्र आजच्याच मापाची घ्यावी. आपण दुकानात चाक विचारतो, पण बघायची असते फ्रेम. बूट घालून, दांडा दोन पायांत घेऊन उभे राहा. दांडा आणि जांघ यांत निदान 5 सेंटिमीटर जागा हवी. खडकाळ उतारावर एकदम पाय टेकावा लागतो, तेव्हा तीच जागा वाचवते. सीट वरखाली करता येते, फ्रेमची लांबी नाही. म्हणून हँडलपर्यंत हात ताणावा लागतो का, तेही पाहा. दोन मापांत अडलात, तर लांब पल्लेवाल्याने मोठी घ्यावी, उड्या-वळणांच्या शौकिनाने लहान. माझा भाचा पायवाटेने सुसाट उतरणारा. त्याला मी लहानच घ्यायला लावली. तो अजून कुरकुरतो, दिसायला छोटी दिसते म्हणून.